लिम्फोसाइट ४२९: रक्तात कमी, शरीरात नाही

रुग्ण ३२ वर्षांची. राहायला ठाण्यात, नोकरी ऐरोलीला, रोजचं येणं-जाणं ट्रान्सहार्बर लोकलने. तीन वर्षांपूर्वी डाव्या डोळ्याने अचानक धुरकट दिसायला लागलं, डोळा फिरवला की दुखायचं. ऑप्टिक न्यूरायटिसचं, म्हणजे डोळ्याच्या मज्जातंतूला सूज आल्याचं, निदान झालं आणि स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनी नजर परत आली. पुढे दीड वर्षाने दोन्ही पायांत मुंग्या आणि कमरेभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटू लागलं. एमआरआयमध्ये मेंदूत आणि मज्जारज्जूत डाग दिसले. मल्टिपल स्क्लेरोसिस, ज्याला सगळे एमएस म्हणतात. यात शरीराच्याच लिम्फोसाइट मज्जातंतूंच्या आवरणावर हल्ला करतात. न्यूरॉलॉजिस्टनी फिंगोलिमोडची ०.५ मिलिग्रॅमची गोळी रोज एक अशी सुरू केली. हे प्रकरण घडलं तेव्हा गोळीला पाच महिने झाले होते. मधल्या काळात नवा झटका आलेला नव्हता आणि ती नियमित कामावर जात होती.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, ठाण्यातच लॅब चालवते. रुग्ण आमच्यापर्यंत बहुतेक वेळा नळीतल्या रक्ताच्या रूपानेच येतो. ही मात्र स्वतः आली, नवरा आणि सासूबाईंना घेऊन. ओळख पटू नये म्हणून तिचे काही तपशील मी बदलले आहेत.

कार्यालयातल्या वार्षिक तपासणीत तिचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, झाला होता. एकूण पांढऱ्या पेशी ३,९००. त्यात न्यूट्रोफिल ७५ टक्के, लिम्फोसाइट ११ टक्के, मोनोसाइट १० टक्के, इओसिनोफिल ४ टक्के. लिम्फोसाइटचा, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, प्रत्यक्ष आकडा ४२९, तोही ठळक लाल अक्षरांत, कारण सर्वसाधारण माणसात तो १,००० च्या वर असतो. तपासणीच्या ठिकाणच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं, "तुमची प्रतिकारशक्ती संपत आली आहे, ही गोळी आजच बंद करा आणि एचआयव्ही आणि सीडी४ करून घ्या." सीडी४ म्हणजे एचआयव्हीत नष्ट होणाऱ्या लिम्फोसाइटची मोजणी. तिने गोळी त्याच रात्री बंद केली. आमच्याकडे आली तेव्हा बंद करून पाचवा दिवस होता.

एचआयव्ही हा शब्द घरात शिरल्यावर काय होतं ते वेगळं सांगायला नको. नवरा गप्प होता, ती नजर वर उचलत नव्हती. बोलल्या त्या सासूबाई. "डॉक्टर, एवढंच सांगा, तिच्या पेशी मेल्या का?"

त्या दिवशी विचारला गेलेला सर्वांत नेमका प्रश्न हा होता, आणि त्याचं उत्तर हातातल्या रिपोर्टातच होतं.

आकडा कशाचा असतो

सीबीसीत आपण रक्तातल्या पेशी मोजतो. लिम्फोसाइटच्या बाबतीत ही मोजणी फार अपुरी आहे. शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी जेमतेम दोन टक्के कोणत्याही क्षणी रक्तात असतात. बाकीच्या लसिका ग्रंथींत, प्लीहेत, आतड्याच्या अस्तरात, अस्थिमज्जेत असतात. सासूबाईंना, म्हणजे काकूंना, मी म्हटलं, ठाणे स्टेशनच्या फलाटावरची माणसं मोजून कुणी ठाण्याची लोकसंख्या सांगितली तर तुम्ही ऐकाल का? लोकल बंद असली तर फलाट रिकामा दिसेल, पण माणसं आपापल्या घरी असतील. त्यांना ते पटलं. आता लोकल कोण चालवतं ते सांगायला हवं होतं.

लिम्फोसाइट एका जागी बसून राहत नाहीत. रक्तातून लसिका ग्रंथीत शिरायचं, तिथे साधारण अर्धा ते एक दिवस फिरून कुठला जंतू आला आहे का ते तपासायचं, काही सापडलं नाही तर ग्रंथीतून बाहेर पडून लसिकेतून (लिम्फ या द्रवातून) पुन्हा रक्तात यायचं, हे चक्र आयुष्यभर चालू असतं. ग्रंथीत शिरण्याची वाट बरीच आधी उलगडली होती. बाहेर पडण्याचं कोडं मात्र या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुटलेलं नव्हतं. ते सुटलं एका छोट्या लिपिडमुळे. स्फिंगोसिन-१-फॉस्फेट, थोडक्यात एस१पी.

हा रेणू पेशींच्या पटलातल्या मेदापासून तयार होतो. पटलातल्या स्फिंगोलिपिडांचं विघटन झालं की स्फिंगोसिन उरतं. स्फिंगोसिन कायनेज नावाची विकरं (एन्झाइम) त्याला एक फॉस्फेट जोडतात आणि एस१पी तयार होतो. जवळजवळ प्रत्येक पेशी तो बनवू शकते. कळीची गोष्ट आहे तो कुठे टिकतो आणि कुठे नाही. बहुतेक ऊतींमधल्या पेशींत एस१पी लायेज नावाचं विकर असतं आणि ते एस१पीचे कायमचे तुकडे करतं. तांबड्या पेशींत हे विकर नाहीच. त्या एस१पी बनवतात, साठवतात आणि रक्तात सोडत राहतात. रक्तवाहिन्यांचं अस्तरही रक्तात एस१पी सोडतं, आणि लसिकावाहिन्यांचं अस्तर लसिकेत. परिणामी रक्तात एस१पीचं प्रमाण मायक्रोमोलरच्या आसपास असतं, लसिकेत त्याहून कमी, आणि ग्रंथीच्या आत, जिथे लिम्फोसाइट गर्दी करून असतात तिथे, अगदीच नगण्य. रक्तात हा मेद सुटा फिरत नाही. त्याचा मोठा वाटा एचडीएलच्या कणांवरच्या अपोलिपोप्रोटीन-एम या प्रथिनाला चिकटलेला असतो, उरलेला अल्ब्युमिनला.

तांबड्या पेशीकडे आम्ही लॅबवाले हिमोग्लोबिन, आकार आणि संख्या यांपलीकडे फारसं बघत नाही. पांढऱ्या पेशींच्या रहदारीला लागणारा हा रासायनिक उतार टिकवण्यात तिचा एवढा मोठा वाटा आहे हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ त्याच पानावर थांबले होते. एकाच नळीतल्या रक्तातल्या दोन पेशी, एक दुसरीची वाट आखून देते, आणि रिपोर्टावर मात्र त्या दोन वेगळ्या रकान्यांत छापल्या जातात.

लिम्फोसाइटच्या पृष्ठभागावर एस१पी ओळखणारा रिसेप्टर असतो. असे एकूण पाच प्रकारचे रिसेप्टर आहेत आणि लिम्फोसाइटच्या बाहेर पडण्यासाठी त्यांतला पहिला लागतो. ग्रंथीत एस१पी कमी असल्यामुळे तिथे काही तास राहिलेल्या लिम्फोसाइटवर हा रिसेप्टर पुन्हा भरपूर दिसू लागतो. मग ती पेशी जिथे एस१पी जास्त आहे अशा लसिकेकडे सरकते. रक्तात पोचल्यावर एस१पीच्या माऱ्याने तोच रिसेप्टर पेशीच्या आत ओढला जातो, पेशी त्या संकेताला तात्पुरती बहिरी होते, आणि म्हणूनच पुन्हा ग्रंथीत शिरू शकते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या जेसन सिस्टर यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की टी पेशींत, म्हणजे लिम्फोसाइटच्या एका मोठ्या गटात, हा पहिला रिसेप्टरच नसला, तर त्या थायमसमधून (छातीतल्या, टी पेशी घडवणाऱ्या ग्रंथीतून) आणि ग्रंथींतून बाहेर पडूच शकत नाहीत. पुढच्याच वर्षी त्याच गटाने उलट्या बाजूने पुरावा दिला. लायेज विकर रोखलं की ग्रंथीच्या आतच एस१पी वाढतो, उतार सपाट होतो, आणि तरीही पेशी आतच अडकतात. त्या प्रयोगात लायेज रोखणारा पदार्थ होता कॅरमेल रंगात सापडणारा एक घटक. म्हणजे एस१पी आहे की नाही यावर काही ठरत नाही. कुठे जास्त आणि कुठे कमी, या फरकावर सगळं ठरतं.

फिंगोलिमोड इथेच शिरतं. त्याची कुळकथा किड्यांवर वाढणाऱ्या एका बुरशीपासून सुरू होते. तिच्यातल्या मायरिओसिन या पदार्थात फेरफार करून क्योटो विद्यापीठातल्या तेत्सुरो फुजिता यांच्या गटाने १९९० च्या दशकात हा रेणू बनवला. आधी तो मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी तपासला गेला आणि तिथे प्रचलित औषधांपेक्षा सरस ठरला नाही. शरीरात गेल्यावर या रेणूलाही फॉस्फेट जोडलं जातं आणि तो एस१पीसारखा दिसू लागतो, हे २००२ मध्ये कळलं. पहिल्या रिसेप्टरला तो असा चिकटतो की रिसेप्टर पेशीच्या आत जातो आणि नष्टच केला जातो. पेशी जिवंत, धडधाकट, फक्त बाहेरची वाट तिला कळत नाही. एमएसमध्ये मज्जातंतूंच्या आवरणावर हल्ला करणाऱ्या लिम्फोसाइट अशा ग्रंथींतच थांबल्या तर मेंदूपर्यंत पोचत नाहीत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत वर्षाला सरासरी ०.४० झटक्यांचं प्रमाण या गोळीने ०.१८ वर आलं, आणि त्याच वर्षी अमेरिकेत तिला मान्यता मिळाली.

तेव्हा काकूंच्या प्रश्नाचं उत्तर: मेल्या नाहीत. ग्रंथींत आहेत.

त्याच रिपोर्टात लिहिलेलं होतं

आता तिचा रिपोर्ट पुन्हा वाचू. गोळी सुरू करण्याआधीचा रिपोर्ट तिच्या फाइलमध्ये होता, आणि तो कुणी उघडून बघितला नव्हता. तेव्हा एकूण पांढऱ्या पेशी ६,८००, लिम्फोसाइट २८ टक्के, म्हणजे १,९०४. आता ४२९. मूळच्या साधारण २२ टक्के. फिंगोलिमोडवर लिम्फोसाइट मूळच्या २० ते ३० टक्क्यांवर येतात हे औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेलं असतं. ज्या आकड्याला धोक्याची खूण म्हणून लाल केलं गेलं, तो गोळी लागू पडल्याचा आकडा होता.

त्याहून बोलका भाग म्हणजे जे कमी झालेलं नव्हतं ते. न्यूट्रोफिल २,९२५, मोनोसाइट ३९०. दोन्ही व्यवस्थित. अस्थिमज्जा दबली असती तर आधी न्यूट्रोफिल घसरले असते, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटवर परिणाम दिसला असता. तसं काही नव्हतं. न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट मज्जेतून रक्तात येतात आणि रक्तातून ऊतींत जातात. लसिका ग्रंथीतून बाहेर पडण्याचं चक्र त्यांना नाही. त्यामुळे पहिला रिसेप्टर काढून घेतला तरी त्यांच्या संख्येत सहसा मोठा फरक पडत नाही. सर्दी, जखम, दाताचं दुखणं, अशा रोजच्या जंतूंशी पहिला सामना याच पेशी करतात. त्या तिच्याकडे पुरेशा होत्या.

सीडी४ची चिठ्ठी ती घेऊन आलीच होती. न्यूरॉलॉजिस्टशी फोनवर बोलून मी ती थोडी वाढवली आणि फ्लो सायटोमेट्रीवर (पेशींवरच्या खुणांवरून गट मोजणाऱ्या तंत्राने) सगळे लिम्फोसाइट गट बघितले. आमच्या सीबीसीत एकूण लिम्फोसाइट ४४० आले. गोळी बंद करून पाच दिवस झाले तरी आकडा जागचा हलला नव्हता. ते अपेक्षित होतं, कारण या औषधाचं अर्धायुष्य सहा ते नऊ दिवसांचं आहे आणि पेशी पूर्ववत व्हायला एक-दोन महिने लागतात. गटवार आकडे असे: सीडी४ टी पेशी ६०, सीडी८ टी पेशी १३५, प्रतिपिंडं घडवणाऱ्या बी पेशी २५, एनके पेशी २००.

हे आकडे मला फार महत्त्वाचे वाटतात. एकच औषध, एकच संकेत, आणि एकाच 'लिम्फोसाइट' या रकान्यात बसलेल्या चार गटांवर त्याचा परिणाम किती वेगवेगळा.

सीडी४ सर्वांत जास्त घसरल्या. त्यातही सगळ्या सारख्या नाहीत. ज्यांनी अजून कुठलाच जंतू बघितलेला नाही अशा नवख्या टी पेशी, आणि जुनी ओळख जपून ग्रंथीग्रंथींतून फिरणाऱ्या मध्यवर्ती स्मृतिपेशी, या दोघींवर सीसीआर७ नावाचा रिसेप्टर असतो. तो त्यांना ग्रंथीत बोलावतो. ज्यांना ग्रंथीत वारंवार जावं लागतं त्याच तिथे अडकतात, हे ओघानेच आलं. याउलट ऊतींत जाऊन लढणाऱ्या स्मृतिपेशींवर सीसीआर७ नसतो, त्या ग्रंथीत फारशा शिरतच नाहीत, म्हणून रक्तात शिल्लक राहतात. सीडी८मध्ये अशा लढाऊ पेशींचं प्रमाण जास्त असल्यामुळे सीडी८ तुलनेने कमी घसरल्या आणि सीडी४-सीडी८ गुणोत्तर उलटं झालं. मेंदूवर हल्ला करणाऱ्या टी-एच१७ पेशींचा मोठा भाग मध्यवर्ती स्मृतिपेशींत मोडतो. एमएसमध्ये ही गोळी उपयोगी पडण्यामागचं ते एक कारण मानलं जातं.

एनके पेशी बघा. आता तिच्या एकूण लिम्फोसाइटपैकी जवळपास निम्म्या एनके होत्या. एनके वाढल्या नव्हत्या. बाकीच्या गेल्यामुळे त्यांचा टक्का वाढला. मज्जेतून आणि ग्रंथींतून बाहेर पडायला त्या मुख्यतः पाचवा रिसेप्टर वापरतात, आणि रक्तातली त्यांची संख्या फिंगोलिमोडने फारशी ढळत नाही. विषाणूंनी बाधलेल्या पेशी मारण्याचं काम त्या करतात, त्यामुळे ही बाब नुसती पुस्तकी नाही.

बी पेशी २५ वर आल्या होत्या, कारण ग्रंथीतून निघायला त्यांनाही पहिला रिसेप्टर लागतो. पण बी पेशी हाच मेद आणखी एका कामासाठी वापरतात. ग्रंथीत जिथे प्रतिपिंडं अधिकाधिक नेमकी घडवली जातात त्या जननकेंद्रात बी पेशींवर दुसरा रिसेप्टर असतो, आणि तो त्यांना नेमका उलटा निरोप देतो: इथून हलू नका. केंद्राच्या मध्याशी एस१पी कमी, कडेला जास्त. पहिला रिसेप्टर असलेली पेशी जास्तीकडे जाते, दुसरा असलेली जास्तीपासून मागे सरते. मेद तोच आहे, आणि कोणता रिसेप्टर बाहेर काढून ठेवायचा ते पेशी ठरवते. फिंगोलिमोड दुसऱ्या रिसेप्टरला चिकटत नाही. ऊतींतल्या मास्ट पेशी ॲलर्जीत स्वतःच एस१पी सोडतात आणि त्यांच्यावरचा दुसरा रिसेप्टर त्यांच्यातले रसायनांचे दाणे फोडण्याला हातभार लावतो, हेही त्याच कुळातलं आहे. मरणारी पेशी एस१पी सोडून मॅक्रोफेजला, म्हणजे मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशीला, 'मला उचलायला या' असं कळवते, असंही दाखवलं गेलं आहे. एवढ्या साध्या मेदाला इतकी कामं दिली आहेत.

आणखी एक गट फ्लोवर दिसतच नाही. त्वचेत, फुप्फुसात, आतड्यात कायमच्या मुक्कामी टी पेशी. त्यांनी पहिला रिसेप्टर मुळातच बनवणं थांबवलेलं असतं. म्हणून तर त्या तिथे राहतात. जो रिसेप्टर त्यांच्याकडे नाहीच, तो गोळी काढून घेऊ शकत नाही.

सीडी४ ६० हा आकडा कुठलाही संदर्भ न देता कुणाही फिजिशियनच्या हातात पडला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी पुन्हा पुन्हा केला. एचआयव्हीत सीडी४ २०० च्या खाली गेला की न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया टाळण्यासाठी कोट्रायमोक्साझोल सुरू करतात. तो नियम अनेक वर्षांच्या अनुभवातून आलेला आहे आणि तिथे बरोबरच आहे, कारण एचआयव्हीत सीडी४ पेशी खरोखर नष्ट होतात, ग्रंथींतल्याही. इथे त्या ग्रंथींत जिवंत आहेत, जंतू ग्रंथीत आला तर त्याला ओळखू शकतात. आकडा तोच, अर्थ पूर्ण वेगळा. तिची एचआयव्ही तपासणी उपचारांआधी झालेलीच होती, तेव्हाही निगेटिव्ह होती, आताही निगेटिव्ह आली. नवऱ्याने तो कागद दोनदा वाचला आणि पहिल्यांदा बोलला, "म्हणजे मॅडम, गोळी चालूच ठेवायची होती."

थांबवण्यातला धोका

हो, चालूच ठेवायची होती, आणि हा भाग मला सर्वांत तातडीचा वाटतो. फिंगोलिमोड अचानक बंद केलं की अडकलेल्या लिम्फोसाइट येत्या काही आठवड्यांत एकत्र बाहेर पडतात. काही रुग्णांत त्यानंतर एमएसचा झटका आधीपेक्षाही जोरदार येतो, कायमचं अपंगत्व येऊ शकतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये त्याबद्दल खास इशारा दिला होता. कमी आकड्याला घाबरून गोळी थांबवणं हे सावधपणाचं पाऊल वाटतं, पण या औषधात ते उलटू शकतं.

दुसरी अडचण हृदयाची. पहिला रिसेप्टर हृदयाच्या वरच्या कप्प्यांतल्या पेशींवरही असतो. पहिली गोळी त्याला आधी उत्तेजित करते, पोटॅशियमचे मार्ग उघडतात आणि नाडी मंदावते. म्हणून पहिल्या गोळीनंतर रुग्णाला सहा तास देखरेखीखाली ठेवतात. तिची नाडी तेव्हा पाचव्या तासाला ८० वरून ५६ झाली होती आणि नंतर सावरली. रोजच्या गोळीने रिसेप्टर नाहीसे झाले की हा परिणाम राहत नाही. पण पहिल्या महिन्यानंतर दोन आठवड्यांहून जास्त खंड पडला, तर पुन्हा सुरू करताना तीच सहा तासांची देखरेख लागते. तिचा खंड पाच दिवसांचा होता. न्यूरॉलॉजिस्टनी सहाव्या दिवशी घरीच गोळी सुरू करायला सांगितली. आणखी दहा दिवस ती घाबरून बसली असती तर सुट्टी, दवाखाना, ईसीजी, सगळं पुन्हा आलं असतं.

मग या गोळीत धोका नाही असं मी म्हटलं का? नाही. काकूंना मी स्पष्ट सांगितलं की पहारा कमी झालेला आहे, त्याची किंमत असते. या रुग्णांना नागीण होण्याची शक्यता वाढते, कारण लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत निद्रिस्त असतो आणि त्याच्यावर टी पेशींचं लक्ष लागतं. म्हणून गोळीआधी कांजिण्यांची प्रतिपिंडं तपासतात. तिची होती. जिवंत जंतूंच्या लसी चालत नाहीत, आणि इतर लसींना मिळणारा प्रतिसाद कमजोर असू शकतो, कारण नव्याने घडलेल्या पेशींनाही ग्रंथीतून निघायला तीच वाट लागते. क्रिप्टोकॉकससारखे बुरशीचे संसर्ग आणि मेंदूचा पीएमएल हा विषाणुजन्य आजार दुर्मीळ आहेत, पण झाले तर गंभीर. यकृताची विकरं वाढू शकतात. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी सूज येऊ शकते, तिची ती तपासणी चौथ्या महिन्यात झाली होती आणि ठीक होती. आणि लिम्फोसाइट २०० च्या खाली गेले तर मात्र गोळी थांबवायचा निर्णय घेतात. लाल अक्षरं तिथे हवीत. ४२९ ला नकोत.

पावसाळ्यातला ताप

प्रकरण इथे संपलं असतं. पण ऑगस्टमध्ये ती तापाने फणफणून पुन्हा आली. अंगदुखी, डोळ्यांमागे दुखणं, दोन दिवसांचा ताप. ठाण्यात त्या दिवसांत आमच्याकडे येणारा दर तिसरा-चौथा माणूस हेच सांगत असतो. तिचा सीबीसी: एकूण पांढऱ्या पेशी २,०००, न्यूट्रोफिल १,२४०, लिम्फोसाइट ३२०, मोनोसाइट ४००, प्लेटलेट १ लाख १० हजार.

घरच्यांनी आधी लिम्फोसाइटकडे बघितलं. मी न्यूट्रोफिलकडे. ते २,९२५ वरून १,२४० वर येणं गोळीच्या खात्यात जमा करता येत नाही, प्लेटलेट घसरणंही नाही. डेंग्यूची एनएस१ चाचणी पॉझिटिव्ह आली. एकूण पांढऱ्या पेशी कमी आहेत, गोळीमुळे असणार, असं म्हणून सोडून दिलं असतं तर डेंग्यूचे पहिले दिवस हातचे गेले असते. प्रत्येक गटाची वाट वेगळी असते हे माहीत असलं की रिपोर्ट असा दोन्ही बाजूंनी उपयोगी पडतो. घाबरायचं नाही तिथे धीर देतो आणि घाबरायचं तिथे जागं करतो.

लिम्फोसाइट ४२९ वरून ३२० वर का आल्या, याचंही उत्तर त्याच मेदाकडे जातं. विषाणू शिरला की शरीर इंटरफेरॉन हे विषाणूविरोधी प्रथिन सोडतं. इंटरफेरॉनमुळे लिम्फोसाइटवर सीडी६९ नावाचं प्रथिन येतं, आणि ते पहिल्या रिसेप्टरला धरून पेशीच्या आत ओढतं. विषाणूचा शोध चालू असताना पेशी ग्रंथीतच थांबाव्यात म्हणून शरीराने केलेली ही सोय आहे. विषाणूच्या तापात गोळी न घेणाऱ्या माणसाचेही लिम्फोसाइट सुरुवातीला कमी दिसतात, त्याला हेही एक कारण. फिंगोलिमोड जे रोज करतं ते शरीर तापाच्या दिवसांत आपणहून करतं. तिच्यात दोन्ही एकत्र आलं होतं, तरी आकडा २०० च्या वर होता. धोक्याची लक्षणं नव्हती. पाणी, विश्रांती, पॅरासिटामॉल आणि रोजचा सीबीसी. न्यूरॉलॉजिस्टनी गोळी चालू ठेवली. आठवड्याभरात प्लेटलेट आणि न्यूट्रोफिल दोन्ही सावरले, लिम्फोसाइट ४१० वर स्थिरावले.

या प्रकरणानंतर आमच्या लॅबच्या नोंदणी अर्जात 'सध्या चालू असलेली औषधं' हा रकाना भरल्याशिवाय नमुना पुढे जात नाही. फिंगोलिमोड किंवा त्याच कुळातलं सिपोनिमोड, ओझानिमोड, पोनेसिमोड लिहिलेलं असलं तर लिम्फोसाइटच्या आकड्याखाली आम्ही दोन ओळी छापतो: "हे औषध लिम्फोसाइटना लसिका ग्रंथींत रोखून धरते, उपचारांपूर्वीच्या आकड्याशी तुलना करावी. औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये." २०० च्या खालच्या आकड्यासाठी मात्र आम्ही थेट फोन करतो. सीडी४ मागितला असेल तर एचआयव्हीचे निकष इथे लागू होत नाहीत, हेही त्याच जागी छापलेलं असतं.

मागच्या खेपेला ती नेहमीच्या तीन महिन्यांच्या तपासणीला आली तेव्हा नवा प्रश्न घेऊन आली. त्यांना मूल हवं आहे. फिंगोलिमोड गर्भाला धोक्याचं आहे, कारण गर्भात रक्तवाहिन्या घडतानाही पहिला रिसेप्टर लागतो, आणि गर्भधारणेच्या निदान दोन महिने आधी गोळी थांबवावी लागते. थांबवली की पेशी बाहेर पडण्याचा तो काळ येतो. मध्ये कुठलं औषध द्यायचं, कधी बदलायचं, लिम्फोसाइट कुठल्या आकड्यावर आले की पुढचं पाऊल टाकायचं, हे तिचे न्यूरॉलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मिळून ठरवत आहेत. गोळी थांबवल्यानंतर दर दोन आठवड्यांनी सीबीसी आणि महिन्याने गटवार मोजणी, एवढं आमच्याकडून ठरलं आहे.